कळ

लुईसटाउनच्या मोटेलातली बैठकीची खोली.
भिंतीवर भुसा भरलेलं एल्कचं डोकं,
टेबलावर लांबट खोक्यात पुरावा क्रमांक चार:
गोळ्या काढलेली रायफल.
मी कोपऱ्यात, माझ्या लघुलेखन यंत्रापाशी.
बोललेलं तेवढं टिपायचं.

साक्षीदार आर्विड टॉलेफ्सन. वय एकसष्ट.
उजवा पाय गुडघ्याखाली नाही.
शपथ घ्यायला त्याने टोपी काढली
आणि ती कुठे ठेवावी, त्याला समजेना.

कंपनीचा वकील मऊ आवाजाचा. आधीच बजावतो:
मान हलवू नका, मिस्टर टॉलेफ्सन.
मान हललेली कागदावर येत नाही.
हो की नाही, तोंडाने सांगा.

बोट कुठे होतं?
– बाहेर.
बाहेर म्हणजे?
– चापाच्या कडीबाहेर. सरळ. लाकडावर.
खात्री आहे?
– एकोणीस वर्षं चर्चच्या तळघरात
पोरांना हेच शिकवलं मी.
बोट बाहेर, नळी जमिनीकडे.
नळी तर तुमच्या पायाकडे होती.
– जमिनीकडे होती. पाय जमिनीवरच असतात.

त्याची वकील, अमाया एचेवेरी, किंचित हसली.
हसू टिपायची सोय नाही.

पुढे?
– गाडीपाशी आलो. अंधारत होतं. बोटं गारठलेली.
गोळ्या काढायच्या, तर त्या बंदुकीत
आधी सुरक्षेची कळ पुढे सरकवावी लागते.
रीतच तशी तिची.
सरकवली कळ.
आणि कळ गेली थेट मस्तकात.

मग अमायाने पत्रं वाचली,
कोर्टाच्या हुकमाने कंपनीच्या कपाटातून निघालेली.
ओहायोचा एक दंतवैद्य: 'मी बूट काढत होतो.
बंदूक भिंतीला टेकलेली. आपोआप उडाली.'
एक बाई, अक्षर तिरकं:
'तुमचं उत्तर पोचलं. बंदूक स्वच्छ ठेवत जा, म्हणता.
ज्याने ठेवायची, तो आता नाही.'
एकतीस वर्षांची पत्रं, सगळ्यांना एकच टाइप केलेलं उत्तर,
नाव तेवढं बदललेलं.
कपाटाच्या खणावर चिठ्ठी:
वापरणाऱ्यांच्या चुका.

आतला खटका पुरता बसत नव्हता.
थंडीत घट्ट झालेलं तेल, थोडा गंज, एवढंही पुरे.
तो काठावर टेकून राही, कुणाच्या तरी हाताची वाट बघत.
खटका केसाएवढा.
खटला सहा वर्षांचा.

गावात मात्र निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता.
माझ्या बहिणीने पोराचं नाव त्याच्या वर्गातून काढलं.
'शिकवणाराच असा,' ती जेवताना म्हणाली.
मी बटाटे पुढे सरकवले.
तेही कुठे टिपलेलं नाही.

ज्युरी बसायच्या आदल्या रात्री मिटलं.
रक्कम गुप्त. कंपनीला दोष मान्य नाही.
टॉलेफ्सन याविषयी बोलणार नाही,
कुणाशीही, कधीही.
माझी एकशे ब्याऐंशी पानं मोहोरबंद.
रायफल कंपनीने परत नेली.
ती त्याच्या वडिलांची होती,
हे कुणी विचारलंच नाही, म्हणून पानांतही नाही.

मार्चमध्ये तो दुकानात दिसला,
पायरीवरच्या बर्फासाठी मीठ घेताना.
नवा पाय अजून जिन्याला बिचकत होता.
मी विचारायला नको होतं.
विचारलं.
'आर्विड, बोट बाहेरच होतं ना?'

त्याने मिठाच्या पिशवीवरची किंमत वाचली.
पुन्हा वाचली.
सही केलेला माणूस.
मग हनुवटी, एकदाच, खाली आली.

कोटाच्या खिशात
माझी बोटं हलली.