क्रमांक २१४

डंडीत आता चारलाच अंधारतं.
तळघरात हीटर, दोन खुर्च्या,
आणि एकसष्ट सालचा खोका,
कुणा मिस ऑगिल्वीच्या तिरप्या अक्षरातला:
‘मुलगा २१४. वय चार. सहा ठोकळे रचले.
रडू लागला. चाचणी अपुरी.’

आज २१४ काठी टेकत आला.
लॅफर्टी. गोदीत वेल्डर होता, एक कान तिथंच राहिला.
मी शब्द वाचते मोठ्यानं: दिवा, नदी, बटण…
दहातले तीन सांगतो,
चौथा पदरचा घालतो: बांगडा.
यादीत नाही. गुण नाही.

कोट चढवताना विचारतो,
‘तेव्हा पास झालो होतो का मी?’

उत्तर द्यायचं नसतं. आपण फक्त मोजायचं, गाईड सांगतात.
तीन वर्षं तेच करतेय.
फोनवर बाबा एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगतात
तेव्हाही कागदावर रेघ ओढली जाते.
हात तोडावासा वाटतो.

कपाटातून ठोकळे काढले, रंग उडालेले.
सहा मीच रचले.
त्यानं सातवा ठेवला. आठवा, श्वास धरून.
मग त्याची बस होती.

मनोरा तसाच आहे टेबलावर.
हा कुठल्या रकान्यात लिहायचा,
मिस ऑगिल्वी?