संलग्न

मार्च संपता संपता तिकडे संगणक चिठ्ठ्या काढतो.
तीन वर्षं माझं नाव त्या भांड्यात पडून होतं.
कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला,
साधारण चारात एक निघतो मॅडम,
मनाला लावून घेऊ नका.

चारात एक.
हे गणित मला कुणी शिकवायला नको.
आई-बाबांची सिकलसेलची कार्डं पिवळी,
माझंही पिवळं,
जालमचं लाल.
आमच्या घरात चारात एक म्हणजे
रात्री दोन वाजता गुडघे धरून ओरडणारा मुलगा
आणि तळोद्याहून मिळेल त्या जीपने गाठलेलं
नंदुरबारचं सिव्हिल.
हिरव्या कार्डाचं अजून कुणी बोलत नाही.

मग ही संस्था सापडली.
रक्तावर काम करणारी, सहा माणसांची,
एका इस्पितळाच्या मागे, गाड्या लावायच्या जागेकडे तोंड करून.
धर्मादाय. नाव लांब, पगार आखूड.
पण विद्यापीठाशी तिचा लेखी करार आहे,
आणि असा करार असलेल्यांच्या माणसांना
भांड्यात पडावं लागत नाही.
जून असो, नोव्हेंबर असो, अर्ज सरळ जातो.

वकीलबाईंनी बजावलं,
नुसती ओळख चालत नाही, नुसता शेजार चालत नाही.
सही दाखवा, तारीख दाखवा,
तुमचं काम विद्यापीठाच्या संशोधनाला कुठे लागतं ते दाखवा.
आणि उद्या इथून कंपनीत गेलात,
तर पुन्हा भांडं.

संलग्न.
हा शब्द मला पहिल्यांदा शहाद्याच्या कॉलेजच्या पाटीवर भेटला,
नावाखाली, बारीक अक्षरांत.
विद्यापीठ तिकडे जळगावला.
परीक्षेच्या दिवसांत तिथून प्रश्नपत्रिकांची पाकिटं यायची,
शिपाई ती छातीशी धरून उतरवायचा.
तेवढंच नातं.
तेवढ्या नात्यावर मी पदवीधर झाले.

पुरावे द्यायचा सराव आहे मला.
जात पडताळणीला पणजोबांचा पन्नासच्या आधीचा कागद मागितला होता.
पणजोबा कागदावर एकदाच सापडले,
जंगलात साग तोडला म्हणून झालेल्या दंडाच्या पावतीवर.
त्या पावतीवर मी शिकले.
आता वळवी एका दाखल्यावर व्हीने, दुसऱ्यावर डब्ल्यूने.
दोन्ही सेवंती मीच,
असं नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं.
त्याने शंभर रुपये घेतले आणि शिंकला.
पथारीवर मिरची वाळत होती,
वारा गावाकडे होता.

जालम पथारीच्या वजनकाट्यावर बसतो.
उन्हात उभं राहणं त्याला झेपत नाही,
पण आकड्यात त्याची चूक निघालेली नाही आजवर.
डोक्याला रुमाल गुंडाळून विचारतो,
तिथे रक्तातली चिठ्ठी बदलून मिळते का?
मी सांगते, कुठे कुठे प्रयत्न चाललेत,
फार महाग आहेत.
मी फक्त तक्ते मांडणार,
कोणत्या मुलाला किती वजनावर किती गोळी.
तो वहीचं पान उलटतो.
मग माझं वजन लिहून ने, म्हणतो,
अठ्ठेचाळीस. काटा बरोबर आहे.

करारपत्राची सहीची प्रत परवा कुरियरने आली.
आईने ती याहामोगीच्या तसबिरीपुढे ठेवली,
तांदळाचे चार दाणे वर.
ही संस्था म्हणजे फुकट दवाखाना का गं, तिने विचारलं.
मी म्हटलं, जवळपास.
मग बरं, म्हणाली.

बाबा आश्रमशाळेत शिपाई.
तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची कागदपत्रं भिजू दिली नाहीत.
दुपारी पत्र घेऊन गुपचूप स्टेशन रोडला गेले
आणि लॅमिनेट करून आणलं,
कडा गोल कापून.

मूळ प्रतीला प्लास्टिक नको,
वकीलबाईंनी दोनदा सांगितलं होतं.

ते आता भिंतीवर आहे.
रात्री ट्यूबलाइट त्यावर चमकते,
सही असते तिथेच नेमकी.
संस्थेला मी लिहिलंय,
प्रत वाटेत खराब झाली,
कृपया दुसरी पाठवा.