साचा

मी सात वर्षांची असताना
गावसभेनं माझा लिलाव केला, उलट्या बोलीचा:
जो सर्वांत कमी पैशात पोसेल, त्याच्या घरी पोर.
ओड्डनीबाईंनी बोललेला आकडा इतका लहान होता
की लोक हसले म्हणे.
हे त्यांनी मला कधी ऐकवलं नाही.
गोठ्यात गडीमाणसं बोलत होती, तेव्हा कळलं.

आइसलंडच्या त्या खाडीत झाड नव्हतं एकही.
देऊळ होतं, पाद्रीबाबांचं घर होतं,
मागं कुंपणात तीन लहान थडगी.
नोंदवहीत तिन्ही नावं पाद्रीबाबांच्या हातची,
वळण तेच, ओळी सरळ,
फक्त तिसऱ्या नावावर शाई जरा फुटलेली.
बाईंनी ती वही कधी उघडली नाही.
त्यांचा हिशेब वेगळा होता.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी
त्या चुलीवर साचा धरत.
लांब दांड्यांचा, चिमट्यासारखा,
आत क्रूस कोरलेला, अक्षरं उलटी.
पाण्यासारखं पातळ पीठ, खमीर नाही, मीठ नाही,
चर्र, आणि पांढरी पापडी.
बोलत नसत. मोजत असत.
स्टेनव्हरचा खोकला थांबला नाही, ती यायची नाही.
थोर्लाकूर समुद्रावरून परतलाय, त्याची एक.
त्या दोघी बहिणींचं भांडण मिटलं असेल तर दोन,
नाहीतर एकच, कारण मोठी आली की धाकटी येत नाही.
पाद्रीबाबांना मंडळी आत्म्यांनी ठाऊक,
यांना पापड्यांनी.
करपलेल्या आमच्या पोरांच्या.
पवित्र व्हायच्या आधी त्या नुसताच खाऊ असतात.

साचा त्यांचा नव्हता. घरही नव्हतं.
एकोणिसाव्या वर्षी, एका गाईसोबत, त्या होडीतून उतरल्या
तेव्हा आधीच्या पाद्रीची विधवा
त्याच होडीत चढायला किनाऱ्यावर उभी होती.
दोघींना बोलायला फारसं काही नव्हतं.
विधवेनं साचा त्यांच्या हाती दिला, म्हणाली,
डावी दांडी जरा ढिली आहे, सांभाळून.
मग गाठोडं छातीशी धरून बसली, मागं न बघता.

तेव्हापासून बाईंच्या पलंगाखाली
एक पेटी बांधून ठेवलेली असे.
हे आधी गेले, तर वसंतात मला निघावं लागेल,
असं भाजीला काय करू विचारावं तसं त्या म्हणत.

पेटी लागली नाही.
जानेवारीत, शुक्रवारी सकाळी घाणा काढला,
साचा पुसून खुंटीला लावला,
रात्री छातीत दुखतंय म्हणाल्या,
आणि मला म्हणाल्या, तू झोप, उद्या गाय वेणार आहे.

गाय व्यायली. त्यांनी पाहिलं नाही.

समुद्रानं आणून टाकलेल्या लाकडाची पेटी केली.
जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ उडायची,
म्हणून पेटी देवळातच ठेवली, उत्तरेच्या भिंतीशी,
बर्फ वितळेपर्यंत.
रविवारी पाद्रीबाबा उभे राहिले.
भाकरीवर हात ठेवला, शब्द म्हटले,
एकेकाच्या जिभेवर पापडी ठेवत गेले.
दोघी बहिणी शेजारी शेजारी गुडघ्यावर.
एकवीस माणसं. तबकात एकवीस.
एकही कमी नाही, एकही उरली नाही.
मी भिंतीकडे पाहिलं.
बाईंनी स्वतःची धरली नव्हती.

पुढच्या वेळी साचा मी धरला.
डावी दांडी खरंच ढिली होती.
पहिला घाणा सगळा करपला,
आणि घरात लहान कुणी उरलं नव्हतं.
पाद्रीबाबा स्वयंपाकघरात आले. चाळीस वर्षांत
मी त्यांना तिथं बसलेलं पाहिलं नव्हतं, ना कुणी.
एक काळी पापडी उचलली, कॉफीत बुडवली,
बराच वेळ चावत राहिले.
मग म्हणाले, मीठ विसरलीस, मुली.

मीठ नसतंच त्यात, मी म्हटलं.
कधीच नव्हतं.