वाया, अकरा किलो

लोटूभाऊंच्या केबिनमध्ये तीन तसबिरी:
आजोबा, वडील, थोरले बंधू.
चौथा खिळा मोकळा.
तो माझ्यासाठी नाही, हे मला
रुजू झालो त्याच दिवशी कळलं.

मी डिगंबर सरोदे, मॅनेजर,
फेगडे चटई उद्योग, जळगाव एमआयडीसी.
नात्याचा नाही. तरी थोरले गेले तेव्हा
दहा दिवस सुतक पाळलं,
अकराव्या दिवशी डिस्पॅच काढला.

पहिल्या वर्षी मी सरळ बोललो होतो.
म्हटलं, भाऊ, पट्टी पोकळ काढू,
उन्हाळ्यात चटई पाठीला चिकटते.
भाऊ म्हणाले, "कायले? पोपट खपून राह्यला ना?"
हिरव्या चटईवर लाल चोचीचा पोपट,
त्यांच्या वडिलांनी कागदावर काढलेला.
त्याला हात लावायचा म्हणजे
वडिलांनाच हात लावायचा.

मग मी गप्प राहायला शिकलो,
आणि रात्रपाळीत, माग नंबर चारवर,
मुबारक तडवीला सोबत घेऊन
पोकळ पट्टी विणून पाहिली.
तुटली. परत तुटली.
रजिस्टरात लिहिलं: वाया, अकरा किलो.
वाया, चौदा किलो.
वाया, नऊ.

मे महिना. पत्र्याखाली नुसती भट्टी.
भाऊ कळण्याची भाकरी, ठेचा खाऊन
गोडाऊनच्या सावलीला पडायचे.
एका दुपारी मी त्यांची चटई बदलून ठेवली.
उठले ते पाठ चाचपतच.
"हे कोनी केलं रे?"
म्हटलं, भाऊ, दसऱ्याला तुम्हीच नाही का म्हणालात?
ते थोडा वेळ आठवत राहिले.
मग त्यांना आठवलं.

त्या आठवणीवर दोन नव्या शेड उभ्या राहिल्या.
पोपट तसाच, फक्त आता पोकळ पट्टीवर.
दिवाळीला मला बक्षीस मिळालं:
एक चटई.

आता हर्षाली आहे, भाऊंची नात.
पुण्याला शिकून आली, ओढणी कमरेला खोचून
मागापाशी तासन्‌तास उभी राहते.
तिनं रावेरहून केळीच्या खोडाचा धागा आणला,
म्हणाली, काका, आडव्या विणीत हा घालू.
भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.
हल्ली ते माझ्याकडेच पाहतात.
मी म्हणालो, "बघू."

भाऊ निदान "कायले" विचारायचे,
त्यात उत्तराला जागा असायची.
"बघू"ला दार नाही,
आणि भिंतही दिसत नाही, डोकं कुठे आपटावं?

दोन वर्षं मी बघत होतो.
नमुना माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला.
कागदांना शेतातला ओलसर वास लागला.
स्वतःला सांगायचो: धागा कुजेल, माग अडकेल,
बँकेचा हप्ता तोंडावर आहे.
सगळं खरं होतं.
पोकळ पट्टीच्या वेळीही
सगळं खरंच होतं.

काल रजिस्टर सहीला आलं.
रात्रपाळी. माग नंबर चार.
वाया, अकरा किलो.
अक्षर तिचं.

मुबारक घरी बसून पाच वर्षं झाली,
चारवर आता त्याचा मुलगा असतो.
बापानं काय काय सांगितलं असेल पोराला,
आणि पोरानं तिला.
आकडासुद्धा बदलला नाही त्यांनी.

वाया माल शेडच्या मागे पडतो.
पन्नास पावलं. काटा तिथेच आहे.
जाऊन मोजता आला असता.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि सही केली, तारखेसकट.

मग सुट्टीचा भोंगा झाला.
डबा उघडून एकटाच जेवलो.
मला दुपारी आडवं व्हायची सवय नाही,
हे तिला कुणी सांगितलं नसणार.
मे महिन्याला तसा
अजून अवकाश आहे.