चौथा स्क्रू

कोळेकरांच्या पाठीत चार स्क्रू आहेत.
कागदावर तीन.

मी बिल विभागात अकरा वर्षं बसते,
मिरजेत, तळमजल्यावर, लिफ्टच्या घरघरीला लागून.
मणके मला दिसत नाहीत. दिसतात ती स्टिकर,
अंगठ्याच्या नखाएवढी, पांढरी,
लॉट नंबर, साडेसहा बाय पंचेचाळीस.
स्क्रू आत गेला की त्याचं स्टिकर फाईलला चिकटतं,
माणूस शिवून होतो,
आणि मग माझं काम सुरू.

कामगार विम्याचं तसं सरळ असतं.
ऑपरेशनचा दर ठरलेला, खाटेचे दिवस ठरलेले,
बाराव्या दिवशी दुखायचं थांबतं
असं दरपत्रक धरून चालतं.
स्क्रू, सळ्या, मधली चकती यांचे पैसे वेगळे,
मर्यादेत,
पण पावती हवी, पाकीट हवं, स्टिकर हवं.

बाबासो कोळेकर, वय सत्तेचाळीस, कुपवाडची फौंड्री.
साच्याची पेटी उचलताना पाठीत असा आवाज झाला म्हणे
की शेजारच्याला वाटलं, साखळी तुटली.

तिसऱ्या महिन्यात पुण्याहून शेरा आला:
स्क्रू क्रमांक चार सिद्ध होत नाही. रक्कम वजा.

थिएटरच्या सिस्टरनं रजिस्टर झटकलं, ट्रॉली पुसली,
स्वतःच्या चपलेचा तळवासुद्धा बघितला.
डॉक्टर म्हणाले, फोटो काढून पाठवा, त्यात काय.
म्हणून कोळेकरांना बोलावलं.
सावळीहून आले, पट्टा आवळून, एसटीत उभ्यानं.
बसलं की उठताना कुणाचा तरी हात मागावा लागतो, म्हणाले.

एक्स-रे काचेवर लावला.
मी सतारमेकर गल्लीतली,
दांडीत बसवलेल्या खुंट्या बघत वाढले.
तसेच होते, दोन्हीकडून दोन दोन, जरा आत झुकलेले.
चुलते म्हणायचे, खुंटी सैल नको,
आणि दांडी चिरेल इतकी घट्टही नको.
त्यांच्याकडे कुणी खुंटीचा पुरावा मागितला नाही.

"चार हायत की ओ," कोळेकर बोटानं मोजून म्हणाले,
जरा खूश होऊनच.
मग थांबून,
"न्हाई आलं पैसं, तर चौथा कुणाचा म्हणायचा?
माझा, का दवाखान्याचा?"

दरपत्रकात मी शोधलं. नाही सापडलं.

धाकटी मुलगी बाकावर बसली होती, शाळा बुडवून,
वही गुडघ्यावर.
कव्हरवर नावाच्या जागी पांढरं चिटोरं,
साडेसहा बाय पंचेचाळीस,
डिस्चार्ज कार्डाच्या पाठीवरून सोललेलं.
त्याखाली पेन्सिलीनं:
कु. तेजश्री बाबासो कोळेकर
तिसरी ब
परिसर अभ्यास

मी नखानं कड उचलली.
कव्हर फाटायला लागलं, तिचा ओठ थरथरायला लागला.
म्हणून अख्खी वहीच झेरॉक्सच्या काचेवर पालथी घातली.
खरी प्रत, असा शिक्का मारला. सही केली.

पाठवून चाळीस दिवस झाले.
उत्तर नाही.
कोळेकरांना हलकं काम द्या, असं डॉक्टरांनी
फौंड्रीला लिहिलं होतं, त्याचंही नाही.

अधूनमधून मी फाईल उघडते.
पान सत्तावन्न.
भुलीचं बिल, रक्ताच्या बाटलीची पावती,
यांच्या मधोमध, जरा तिरकी आलेली,
तिसरी ब.