दहापैकी किती

गालिसियाच्या या किनाऱ्यावर
दवाखाना साडेआठला उघडतो.
ओहोटी त्याच्यासाठी थांबत नाही,
म्हणून दोसिंदा येते ती गमबूट घालूनच,
टाचांना खाडीचा चिखल,
आणि दाराशी विचारते, आत येऊ की आधी पाय धुऊ?

एका माणसाला मला सात मिनिटं मिळतात.
त्यातलं दीड तिचं जाकीट काढण्यात जातं.

संगणक विचारतो: वेदना, शून्य ते दहा.
मी विचारते. ती खिडकीबाहेर बघते.
एकतीस वर्षं दंताळ्याने वाळू ओढून
तिसऱ्या वेचणारी बाई,
तिला आकडे कळत नाहीत असं नाही,
किलोचा भाव ती झोपेतही सांगेल.
"आज उधाण आहे," म्हणते.
"परवा भांगाची भरती होती, बरं होतं.
पहाटे मात्र रोज उधाण.
दुधाचं भांडं दोन्ही मनगटांत धरून उचलते,
न्याहारीपर्यंत बोटं माझी नसतात."

न्याहारीपर्यंत बोटं माझी नसतात.
हे तिने मला आधीही सांगितलं होतं,
दोन हिवाळ्यांपूर्वी. नोंद आहे, माझ्याच हातची:
थंड पाणी, वय, काम. पॅरासिटामॉल.
त्यानंतर लगेच दुसऱ्या कुणाचा खोकला.

मला कळलं तेही अपघाताने.
मार्चमध्ये निघताना तिने हात पुढे केला,
मी तो नेहमीसारखा दाबला,
आणि कालव उघडताना सुरी घसरावी
तसा तिचा चेहरा झाला.
मग मी तिला पुन्हा बसवलं.
बोटांच्या मुळाशी एकेक सांधा चाचपला,
गरम, भिजल्या पावासारखा मऊ,
डावीकडे चार, उजवीकडे पाच.
बाहेरचा बाक कुरकुरला. कुरकुरू दे.

सांतियागोच्या मोठ्या इस्पितळाने
चार महिन्यांनंतरची तारीख दिली.
मी फोन केला, पुन्हा केला,
तिथल्या टेबलावरच्या मोंत्सेला आता माझा खोकला ओळखू येतो.
सात आठवड्यांवर आणलं. त्याहून खाली नाही.

गोळ्या आल्या. आठवड्यातून एकदाच,
रोज नाही, दोसिंदा, रोज घेतलीस तर विष.
खोक्यावर मी जाड शाईने लिहिलं: सोमवार.
तिने वाचलं, खोकं उलटसुलट केलं,
"पण ही चांदी फोडायला अंगठा लागतो,
आणि तोच तर नाही."
आता दर सोमवारी तिचा नवरा एलादियो,
स्वतः गुडघ्यांनी अधू,
बटाटे सोलायच्या सुरीने
गोळ्या सोडवून देतो.

ऑक्टोबरात रक्ताचे कागद छान आले.
सूज उतरली. इस्पितळाने लिहिलं: आजार आटोक्यात.
दोसिंदा समोर बसून म्हणाली, दुखतं.
आग विझली तरी भिंती
बराच वेळ तापलेल्या राहतात,
असलं काहीतरी मी बोलणार होते.
गिळलं. उपमेसाठी ती ओहोटी सोडून आली नव्हती.
झोप लागते का, विचारलं. कुठल्या कुशीवर.
दंताळ्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर बसव, म्हटलं.
"ते जूनमध्येच बसवलं," म्हणाली.
"माझं बघून आणखी तिघींनी."
कागदांवर तुझा विश्वास जास्त की माझ्यावर,
असं तिने विचारलं नाही.
मीच बराच वेळ कागद उलटे घालून बसले.

संगणकाला आकडा लागतोच,
नाहीतर पान पुढे सरकत नाही.
मी पाच लिहिला.
पाच म्हणजे मला माहीत नाही.

मग तिने जाकीट चढवलं. चार बटणं.
मी उठले नाही, मदतीला हात पुढे केला नाही,
हे मी तिच्याकडूनच शिकले आहे.
पहिलं. दुसरं. तिसऱ्याला जीभ दातांत धरून.
दारात पुढचा पेशंट घड्याळ बघत उभा.
"चौथं राहू दे," ती म्हणाली,
"आज वारा तेवढा नाही."