बुचाखालची माती

राऊच्या पुढे, बायपास ओलांडला की
उजवीकडे आमचा प्लॉट, तीस बाय पन्नास.
अच्युतने हौसेने घेतला आणि दीड वर्षात गेला.
मी श्रावणात एखाद्या रविवारी येते,
रिक्षा थांबवून ठेवते.

भेरूलाल पोतं डोक्यावर घेऊन धावत येतो.
"ताई, यंदाही दवा मारून दिली.
एक काडी नाही बघा गवताची. एकदम चकाचक!"
बघते. खरंच, एक काडी नाही.

याला काय सांगू?
एकतीस वर्षं कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत
मी हेच तोलत होते.
छताजवळ पत्र्याचा डबा, त्याच्या तळाला सुया,
खाली वाटीत चाळलेली काळी माती.
थेंब सोडायचे.
वाटीबाहेर उडालेलं गोळा करायचं,
भट्टीत वाळवायचं, वहीत ग्रॅम लिहायचे.
झोकरकर सर चिडायचे:
"थेंब पडतो असं लिहू नका, बाई.
थेंब आपटतो."

कोरडं ढेकूळ भिजलं की
आत कोंडलेली हवा वाट मागते,
आणि ते आपलं आपणच फुटतं.
उरलेलं काम थेंबांचं.
बारीक कण उडतात, पडतात,
मातीच्या भोकांत जाऊन बसतात,
वर साय धरते, गुळगुळीत, चमकणारी.
तिच्या खाली जमीन तहानलेली
आणि वरून पाणी चाललेलं,
दार लावलेल्या घरापुढून वरात जावी तसं.

इथे उतार आहे म्हणावा इतकाही नाही.
तरी उडालेला कण
चढाच्या बाजूला जितका जातो
त्याहून उताराकडे बोटभर लांब पडतो.
बस्स, बोटभर.
तेवढ्यावर तिकडे गंभीर नदी
चहाच्या रंगाची होते.

शेजारच्या प्लॉटवर सागाची चार झाडं.
मालक हुशार, खालचा पाचोळा रोज झाडून घेतो.
सागाचं पान पाऊस अडवतं असं वाटतं.
ते नुसतं जमवतं,
आणि जाड झाला की सोडून देतं.

आमच्या कुंपणाला चुना दिला होता.
आता गुडघ्यापर्यंत काळे ठिपके,
वर जाता जाता विरळ होणारे.
माझ्या सलवारीवरही तेवढ्याच उंचीवर,
तसेच.

भिंतीच्या कडेला वाकले तर
खांब. बुटके, मातीचे, शेकड्यांनी.
प्रत्येकाच्या डोक्यावर काहीतरी:
मुरमाचा खडा, विटेचा तुकडा, सीताफळाची बी.
आणि एकावर, टोपीसारखं नीट बसलेलं,
कोल्ड्रिंकच्या बाटलीचं गंजकं बूच.

रजिस्ट्रीच्या दिवशी इथेच उभं राहून
त्याने घराच्या किल्लीने बाटली उघडली होती.
बूच उडालं.
मी म्हटलं, उचल.
तो म्हणाला, असू दे, आपलीच तर जागा.

"देखो ताई," भेरूलाल वाकून म्हणाला,
"माती कशी वर आली!"

वर काही आलं नव्हतं.
बुचाखालची माती होती तिथेच होती.
आम्ही ज्यावर उभे होतो
ते सगळं खाली गेलं होतं.

पर्समध्ये पट्टी असते, जुनी सवय.
अठरा मिलिमीटर. तीन पावसाळे.
तीस बाय पन्नास गुणिले अठरा:
सव्वातीन टन, जरा इकडेतिकडे.
ट्रॉली भरून कोणी चोरून नेली असती
तर पोलिसांत गेलो असतो.

"पुढच्या वर्षी दवा नको मारू."
"गवत माजेल, ताई. साप येतील."
"येऊ देत."
तो माझ्याकडे बघत राहिला.
विधवा बाई, एकटी, डोकं चालत नसेल,
असं काहीसं.

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.
परत सुरू झाला, टपोरा, तिरका.
मी छत्री उघडली
आणि उगाच, थोडा वेळ, बुचावर धरली.
छत्रीच्या आठही काड्यांवरून
जाड झालेले थेंब
भोवतीच्या मातीवर आपटत होते.